बाळंतपण माहेरी, बाळ सासरी: अंगणवाडी आणि आरोग्य केंद्राच्या सेवा खंड न पडता कशा घ्याव्यात

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की बाळंतीण सासरी परतते. सरकारी सेवांची सगळ्यात जास्त दाटीही नेमकी याच दिवसांत असते: आशाताईच्या घरभेटी, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी, मातृवंदना योजनेच्या पैशांचा पुढचा हप्ता. माहेरच्या सेविकेला वाटतं, सासरी नोंद झाली असेल. सासरच्या सेविकेला बाळ घरी आलंय हेच कळलेलं नसतं. यात कोणी मुद्दाम कामचुकारपणा केलेला नसतो, तरी बाळाची एखादी लस किंवा दोन-तीन महिन्यांचा आहार हुकतो. ऊसतोडीला बीडहून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांचं दर हंगामात हेच होतं. म्हणून ही माहिती महाराष्ट्रातल्या सेवांचीच, पण मुक्काम बदलणाऱ्या आई-बाळाच्या बाजूने लिहिली आहे.

कोणाकडे काय मिळतं

तीन माणसं ओळखीची हवीत. अंगणवाडी सेविका आहार, वजन-उंची, तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शाळापूर्व तयारी आणि योजनांचे अर्ज पाहते. आशाताई घरी येते, बाळ तपासते, लसीकरणाच्या दिवशी बोलावून नेते. उपकेंद्राची नर्स, म्हणजे आपल्या सिस्टर, गरोदरपणातल्या तपासण्या करतात आणि लसी देतात. साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र असतं, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांना एक. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र. शहरात हेच काम महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं करतात. सोसायटीत राहणाऱ्यांच्या दारावर आशाताई सहसा येत नाही. तिथे आपणच जवळच्या केंद्रावर जाऊन नाव घालायचं. लसी सगळ्यांना मोफत असतात, रेशन कार्डाचा रंग पाहिला जात नाही.

माहेरी निघण्यापूर्वी

गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत, जिथे राहत असाल तिथल्या उपकेंद्रात करा. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड आणि आरसीएच क्रमांक, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदीचा नंबर, मिळतो. माहेरी गेल्यावर दुसरं कार्ड काढू नका, तोच क्रमांक सांगा. दोन नोंदी झाल्या की निम्म्या तपासण्या एका नावावर आणि निम्म्या दुसऱ्यावर चढतात, मग योजनेच्या अर्जात तारखा जुळत नाहीत. कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो नवरा-बायको दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. कार्ड भिजतं, फाटतं, कधी प्रवासात राहून जातं.

निघायच्या आठवड्यात सेविकेला गावाचं नाव आणि अंदाजे किती महिने राहणार ते सांगा. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वर्ग करता येतो. ते झालं नाही, तर माहेरची सेविका ‘तुमचं नाव इथे नाही’ असंच म्हणणार. माहेरी जाताना नववा महिना चालू असेल आणि तपासणी राहिली असेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तो दिवस साधा.

दवाखान्यातून बाहेर पडताना

सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, रक्त आणि तपासण्यांसह जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवसांपर्यंत आईचं जेवणही त्यातच येतं. दवाखान्यात न्यायला आणि घरी सोडायला गाडी मिळते, त्यासाठी १०२ लावायचा. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारपणात सरकारी दवाखान्यातले उपचारही मोफतच.

सुट्टी मिळण्याआधी कार्डावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत ना, ते पाहाच: जन्माचं वजन, बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि ‘झिरो पोलिओ’ (जन्मताच द्यायचा पोलिओचा डोस), आणि कावीळ-ब ची जन्मलस. ही शेवटची लस चोवीस तासांच्या आतच द्यायची असते. घरी गेल्यावर देऊ म्हटलं, की ती हुकलीच.

जन्मनोंद जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, सासरच्या ग्रामपंचायतीत नाही. दवाखाना फॉर्म भरतो, पण त्यातलं आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग तुम्ही आधारशी ताडून पाहा. एक अक्षर चुकलं तरी पुढे दाखल्याची दुरुस्ती जन्मगावीच करावी लागते. घरी बाळंतपण झालं असेल तर २१ दिवसांच्या आत घरच्यांनी स्वतः ग्रामपंचायतीत कळवायचं. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, त्यानंतर स्वतः सही केलेलं कागदपत्र आणि परवानगीही. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, बारशानंतर नाव वर्षभरात विनाशुल्क चढवता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे, तेव्हा सासरी निघायच्या आधी तो हातात घ्याच.

आशाताईची भेट कशी असायला हवी

दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. ‘बाळ बरं आहे ना?’ असं दारातून विचारून गेली, तर ती भेट झाली असं धरू नका. बाळाला कमीत कमी कपड्यांत झोळीत घालून वजन घेतलं पाहिजे, काखेत थर्मामीटर लावला पाहिजे, नाळ पाहिली पाहिजे. आणि बाळ शांत असताना, पोटाच्या हालचालीकडे बघत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजले पाहिजेत. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करणं चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच भरभर चालतो, मध्येच थबकतो. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

बाळ अंगावर प्यायचं थांबलं, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार पडलं किंवा काखेतला ताप ३७.५ अंश सेल्सियसच्या वर गेला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटका आला: यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. २८ दिवसांच्या आतल्या आजारी बाळासाठी जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु दक्षता कक्ष असतो. बाळंतिणीला बाहेर काढायची नाही म्हणून सव्वा महिना सरण्याची वाट पाहणं इथे जिवावर बेततं. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनावर परत येतं. चौदाव्या दिवशीही कमीच असेल तर अंगावर पाजण्याची पद्धत सिस्टरकडून तपासून घ्या. वरचं दूध सुरू करायची घाई नको.

त्यानंतर आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येते. या भेटी बहुतेक सासरी होतात, आणि नाव वर्ग झालेलं नसलं की त्याच हुकतात.

लसी: कुठेही घ्या, पण एकाच कार्डावर

दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने या तीन तारखा कॅलेंडरवर लिहा. प्रत्येक वेळी पोलिओ आणि रोटाचे (जुलाबाच्या लसीचे) डोस तोंडातून आणि पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, डाव्या मांडीत. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी त्यात उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) आणि उजव्या दंडात पोलिओचं छोटं इंजेक्शन, म्हणजे एकाच दिवशी तीन सुया. हे आधी माहीत नसलं की आजी घाबरून ‘उरलेल्या पुढच्या वेळी’ म्हणतात आणि लस मागे पडते. तिन्ही एकत्र देणं सुरक्षित आहे. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, पीसीव्ही आणि पोलिओ इंजेक्शनचे पुढचे डोस, जीवनसत्त्व अ चा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर (आधीच्या लसींचे वाढीव डोस), पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) शेवटचा बूस्टर. जीवनसत्त्व अ दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस.

डोस हुकला तर मालिका पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेल्या डोसापासून पुढे चालू ठेवतात. फक्त पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. एखादा डोस खासगी दवाखान्यात घेतला असेल तर लसीचं नाव कार्डावर लिहून घ्या. खासगीत मिळणाऱ्या ‘हेक्सा’ लसीत पेंटाबरोबर पोलिओचं इंजेक्शनही असतं, हे कळल्याशिवाय सिस्टरला पुढचं ठरवता येत नाही.

बीसीजी किंवा गोवर-रुबेलासाठी ‘पुढच्या सत्राला या’ असं सांगतात त्यामागे कारण आहे. या लसींची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. पण एका बाळासाठीही बाटली उघडता येते. सासरी परत जायचं असेल तर ते स्पष्ट सांगा आणि आग्रह धरा.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसा. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येतो. सिस्टर पॅरासिटामॉल देतील, पण घरात आधीची बाटली असेल तर लेबल वाचा: थेंबांच्या औषधात १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, सिरपमध्ये ५ मिलीमध्ये १२० ते १२५. सिरपच्या मापाने थेंबांचं औषध पाजलं तर चौपट डोस जातो. मांडीवर बर्फ, हळद, तेल काही लावू नका. बीसीजीच्या जागी दोन-चार आठवड्यांनी गाठ येते, फुटते आणि आपोआप भरते. तिलाही हात लावायचा नाही.

सासरी आल्या आठवड्यात

कार्ड, जन्मदाखला आणि आईचं आधार घेऊन अंगणवाडीत जा. पोषण ट्रॅकरवर नाव वर्ग झालं का ते सेविकेसमोरच पाहून घ्या. घरपोच आहार, म्हणजे टीएचआर, देताना आता ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि चेहऱ्याची पडताळणी लागते. नोंदणीला नवऱ्याचा नंबर दिलेला असतो, तो कामाला पुण्यात, आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो. आईचाच नंबर घालून घ्या.

बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आहार आईच्या नावाचा असतो, त्यानंतर तीन वर्षांपर्यंत बाळाच्या नावाचा, आणि तीन ते सहा वर्षांत अंगणवाडीतलं गरम जेवण. प्रमाण वर्षाला ३०० दिवस, बाळाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं आहे. हे पाकीट घरात आलं की सगळ्यांच्या वाटीत जातं. तसं करू नका, बाळाचा डबा वेगळा ठेवा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण, आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, २,००० जन्मनोंद आणि चौदा आठवड्यांच्या लसी झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी असेल तर एकरकमी ६,०००. रेशन कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, आठ लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखला यांसारखा एक पुरावा लागतो. पैसे आले नाहीत अशी तक्रार आली की आम्ही आधी बँक पाहायला सांगतो. रक्कम आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात पडते. बऱ्याचदा ते लग्नाआधीचं माहेरच्या गावातलं, कोणी वापरत नसलेलं खातं निघतं.

१ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर मुलगी झाली असेल आणि पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर ‘लेक लाडकी’चा अर्जही सेविकेकडेच द्या. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० असे टप्पे आहेत. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे.

बाळ वाढतंय का

दर महिन्याला वजन करून कार्डावरच्या आलेखात ठिपका घालून घ्या. ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे एवढ्यावर थांबू नका, रेषेची दिशा पाहा. दोन महिने रेषा आडवी राहिली तर सेविकेला विचारा.

सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंडघेर मोजतात. डावा हात सैल सोडलेला, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध पट्टी. पट्टी कातडीला टेकलेली हवी, पण मांस दबता कामा नये. ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहत असेल तर दंडघेर कितीही असो, लगेच डॉक्टरांकडे. भूक लागत असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात आहार देतात. भूक मेलेली असेल, सूज असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे दाखल करतात. तिथे आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. ‘घरचं काम कोण बघणार’ म्हणून नकार देण्याआधी हे घरात सांगा.

वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. हृदयाचं छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, उशिरा बोलणं, कमी ऐकू येणं, हे सगळं ते पाहतात आणि पुढचे उपचार किंवा शस्त्रक्रिया मोफत लावून देतात. त्या दिवशी बाळ माहेरी असेल तर तिथलं पथक कधी येणार ते विचारून दाखवा.

काम अडलं तर

आहार, नोंदणी किंवा अर्ज अडला तर सेविकेवर चिडून उपयोग होत नाही. तिच्या वर पर्यवेक्षिका आणि त्यावर बाल विकास प्रकल्प अधिकारी असतात. लस किंवा तपासणीचं अडलं तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी. तोंडी न सांगता एका कागदावर बाळाचं नाव, आरसीएच क्रमांक, काय मागितलं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहा. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. फोनवर सल्ला हवा असेल तर १०४ आहे. आणि पुन्हा माहेरी, ऊसतोडीला किंवा कामासाठी दुसरीकडे निघालात, तर आधी सेविकेकडून नाव वर्ग करून घ्या आणि कार्ड कपड्यांच्या पिशवीत न टाकता बाळाच्या पिशवीत ठेवा.