सेंटर स्टँड नसलेल्या बाइकसाठी घरचा पॅडॉक स्टँड

माझ्या यामाहा एफझीला सेंटर स्टँड नाही. एनएस २०० आणि ड्यूकवाल्या मित्रांचंही तेच रडगाणं. पावसाळ्यात गगनबावड्याकडे जाऊन आलं की चेनमध्ये लाल चिखल गच्च बसतो. साइड स्टँडवर चेन धुवायची म्हणजे चार कड्या पुसा, गाडी ढकला, पुन्हा वाका. या कंटाळ्यापायी लोक चेन साफच करत नाहीत, आणि मग चेनसेट लवकर जातो. मागचं चाक अधांतरी ठेवणारा एक स्टँड, म्हणजे पॅडॉक स्टँड, घरी असला की हे काम चहा होईपर्यंत उरकतं.

आम्ही कोल्हापूरकर, त्यामुळे शिवाजी उद्यमनगर हाताशी आहे. पण हा स्टँड कुठल्याही गावातला ग्रील-गेट करणारा वेल्डर करून देईल, फक्त मापं तुमची हवीत. दुसऱ्याच्या गाडीचं माप चालत नाही.

कोणाला तरी गाडी सरळ उभी धरायला सांगा. मागच्या चिमट्याची, म्हणजे स्विंगआर्मची, खालची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. त्यात दीड इंच मिळवा. चिमटा स्टँडच्या ज्या दोन खाचांत बसतो, त्या खाचांची ही उंची. चिमट्याची बाहेरून रुंदी घ्या आणि दोन्ही बाजूंना इंचभर मोकळीक ठेवा. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो का, तेही आत्ताच बघा. खाच चिमट्याच्या सपाट भागावर टेकली पाहिजे. चेन अ‍ॅडजस्टरवर किंवा ब्रेकच्या नळीवर अजिबात नको.

सामान थोडंच लागतं. एक इंची चौकोनी एमएस (माइल्ड स्टील) पाइप, २ मिमी जाडीचा, साधारण साडेतीन मीटर. वजनावर घेतलात तर पाच किलोच्या आसपास भरतो. तीन इंची नायलॉनची दोन चाकं घ्या, पण फक्त पुढे-मागे धावणारी, दिशा न बदलणारी. ट्रॉलीची चहूबाजूंना वळणारी चाकं इथे घातक. खाचांसाठी ४० मिमी अँगलचे दोन तुकडे आणि जुन्या टायरचं रबर.

सांगाडा इंग्रजी यू अक्षरासारखा: दोन बाजूंना सुमारे ७० सेंटिमीटरचे पाइप, मागे त्यांना जोडणारा आडवा पाइप. तोच हँडल आणि तोच मागचा पाय. पुढच्या टोकांना चाकं. चाकांजवळून दोन खांब वर जातात, त्यांच्या डोक्यावर खाचा, आणि प्रत्येक खांबाला मागून एक तिरकी कैची, म्हणजे आधाराचा पाइप. कैची वाचवू नका, सगळा ताण तिथेच येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हँडल खाली दाबलं की खाचा वर येतात आणि मागे सरकतात. चाकांच्या आसाच्या बरोबर डोक्यावर आल्या की गाडी सर्वांत उंच असते. तिथून त्या आणखी दीड इंच मागे गेल्यावर हँडल जमिनीला टेकलं पाहिजे. तरच गाडीचं वजन हँडलला खाली दाबून ठेवतं. खाचा आसाच्या पुढे राहिल्या तर हात काढताच हँडल वर उसळेल आणि गाडी धाडकन खाली येईल. पाइप जाड घेऊन ही चूक भरून निघत नाही. म्हणून आधी पुठ्ठ्यावर बाजूची आकृती खऱ्या मापात काढा, आसाच्या जागी टाचणी टोचा आणि पुठ्ठा फिरवून बघा.

वेल्डरला आधी नुसते टाके मारायला सांगा. सांगाडा गाडीखाली घालून बघा, गुण्या लावून काटकोन तपासा, मगच पूर्ण वेल्डिंग. पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या, नाहीतर आतून गंजतो. रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट, खाचांना रबर.

गाडी चढवण्याआधी दोन्ही खाचांवर पहार आडवी टाका आणि तिच्यावर सिमेंटची ५० किलोची दोन पोती ठेवा. मागच्या चाकावर येणारं वजन त्याहून कमी असतं. रात्रभर राहू द्या, सकाळी जोड तपासा. बारीकशी चीर दिसली तरी परत वेल्डरकडे.

जागा सपाट कोब्याची हवी. मातीत चाकं रुततात, तिथे प्लायवूड टाका. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पुढचा ब्रेक आवळून ठेवा. डाव्या हाताने ग्रॅबरेल धरून गाडी सरळ करा, दोन्ही खाचा चिमट्याला सारख्या टेकल्या याची खात्री करा आणि उजव्या हाताने हँडल दाबा. सुरुवातीला सोबत माणूस घ्याच.

गाडी न्यूट्रलला ठेवा, इंजिन बंद, चाक हाताने फिरवा. चालू इंजिनवर गिअर टाकून चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, तुटतात. कितीही घाई असली तरी हे करू नका. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल टाळा, रॉकेल चालतं. नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या. चेनचा झोळ, म्हणजे सैलपणा, तपासताना एक लक्षात ठेवा: या स्टँडवर चिमटाच उचलला जातो, त्यामुळे शॉकअप सेंटर स्टँडवर लोंबतो तसा लोंबत नाही. मॅन्युअलमध्ये झोळ कुठल्या स्टँडवर मोजायला सांगितला आहे ते वाचून तसाच मोजा.

उतरवताना आधी साइड स्टँड बाहेर काढा, ग्रॅबरेल घट्ट धरा आणि हँडल हळूहळू वर येऊ द्या. ब्रेकची पट्टी गाडी साइड स्टँडवर कलल्यावरच सोडायची.