घटिकापात्र: इतिहास आणि अभियांत्रिकीचा एकत्र प्रकल्प कसा करावा

इतिहासाचा प्रकल्प म्हटला की थर्माकोलचा किल्ला, विज्ञानाचा म्हटला की ज्वालामुखी. दोन्ही विषय एकत्र करायला सांगितले की त्याच किल्ल्यात बल्ब लावतात आणि प्रकल्पवही सजवायला बसतात. मी नववी-दहावीच्या मुलांकडून दरवर्षी एकच गोष्ट करून घेते: घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे 24 मिनिटं. दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळं. ‘घटका भरली’ असं आपण म्हणतो, ते हेच भरणं. इथे ग्रंथ वाचल्याशिवाय वाटी जमत नाही आणि वाटी केल्याशिवाय ग्रंथ कळत नाही, म्हणून हा विषय.

गट पाडताना ‘इतिहासवाले लिहितील, विज्ञानवाले बनवतील’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दोन गट करा, पण अर्ध्या वेळेनंतर कामं बदला. ज्यानं श्लोक लावला त्याच्या हातात ड्रिल गेलंच पाहिजे.

वाचन

इतिहासगटाकडून निबंध नको. दोन रकाने हवेत: ग्रंथ काय म्हणतो, आणि त्यामुळे आपल्याला काय करावं लागेल. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात एका श्लोकात सगळं आहे: तांब्याचं पात्र, खाली छिद्र, निर्मळ पाण्याच्या कुंडात ठेवलेलं, दिवस-रात्रीत साठ वेळा बुडणारं. मुलं ‘निर्मळ’ हा शब्द शोभेचा समजून सोडून देतात. तो शोभेचा नाही. भोक जेमतेम पाऊण मिलिमीटरचं असतं, एक कण अडकला की घटका लांबते. दुसऱ्या रकान्यात लिहा: पाणी गाळून घेणे.

लीलावतीच्या लग्नघटिकेची गोष्ट कोणीतरी आणणारच: भास्कराचार्यांच्या या मुलीच्या लग्नाची वेळ मोजणाऱ्या पात्रात मोती पडला, भोक बंद झालं आणि मुहूर्त टळला. ती भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात नाही, 1587 साली अकबराच्या दरबारातल्या फैजीनं केलेल्या फारसी भाषांतरात येते. दंतकथा म्हणून वेगळी नोंदवा, पण फेकू नका. वाटीत एक मणी टाकून बघा. भोकावर बसला तर पाणी खरंच थांबतं. गोष्ट रचणाऱ्याला यंत्र ठाऊक होतं.

वाटी आणि टब

सरळ उभ्या कडांची, पातळ तांब्याची किंवा पितळेची वाटी घ्या. स्टील नको, ड्रिलची बिटं मोडतात. टब वाटीच्या दुप्पट खोल आणि चांगला रुंद हवा.

ग्रंथात पात्र अर्ध्या घटासारखं, म्हणजे गोलसर सांगितलंय, मग सरळ का, असं मुलं विचारतात. उत्तर त्यांनाच शोधू द्या. सरळ वाटीत आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक सुरुवातीपासून बुडेपर्यंत जवळपास तेवढाच राहतो, तो वाटीच्या वजनावर आणि तळाच्या क्षेत्रफळावर ठरतो. त्यामुळे पाणी एका गतीनं चढतं आणि हिशेब दहावीच्या गणितात बसतो. गोल पात्र दुसऱ्या वर्षी करा.

भोक

सगळा प्रकल्प इथे अडतो. मीही अडकले होते, तीन आठवडे.

पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे जुनं माप पाळायला गेले. लल्ल या जुन्या खगोलज्ञाच्या ग्रंथात भोकाचं माप सोन्याच्या सुईनं दिलंय: लांबी चार अंगुळं, वजन तीन पूर्णांक एक तृतीयांश मासे (मासा हे वजनाचं जुनं माप). युक्ती सुंदर आहे. सोन्याची घनता ठरलेली, लांबी आणि वजन दिलं की जाडी आपोआप ठरते. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्या. पण त्यावरून भोक पाडू नका. अंगुळ केवढं आणि मासा केवढा, यात ग्रंथागणिक फरक. मासा दहा टक्क्यांनी चुकला तर भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी चुकतं आणि घटका दोन-अडीच मिनिटांनी घसरते. आमच्या तीन वाट्या वाया गेल्या.

मग सिद्धान्तशिरोमणी उघडला. 1150 सालचा हा ग्रंथ, आणि त्यावरच्या आपल्याच भाष्यात भास्कराचार्य ही असली मापं तर्काला धरून नाहीत, बनवायलाही अवघड, म्हणून सोडून देतात. त्यांचा उपाय साधा: भोक असेल तसं असू दे. पात्र दिवस-रात्रीत किती वेळा बुडतं ते मोजा, आणि 60 घटकांना त्या संख्येनं भागा. आधी यंत्र, मग त्याचं माप. हे मला आठ दिवस आधी कोणी सांगितलं असतं तर!

तरीही 24 मिनिटांच्या जवळ जायचंच असेल, तर असं करा. समजा वाटी 8 सेंटिमीटर व्यासाची, 5 सेंटिमीटर उंच, 60 ग्रॅम वजनाची आहे. हिशेबानं भोक सुमारे 0.76 मिलिमीटर येतं. 0.8 झालं तर वाटी साडेएकवीस मिनिटांच्या आसपास बुडते, 0.7 झालं तर अठ्ठावीस. एक दशांश मिलिमीटरला सहा मिनिटं! हाताच्या ड्रिलनं इतकी अचूकता साधत नाही, साधेल असं सांगणाऱ्यानं वाटी कधी केलेली नाही.

म्हणून भोक मुद्दाम लहान ठेवा. वाटीखाली लाकडाचा ठोकळा घेऊन बरोबर मध्यावर 0.5 च्या बिटनं पाडा, मग 0.6, मग 0.7, आणि तिथे थांबा. प्रत्येक वेळी बुडण्याचा वेळ लिहा. उरलेली चार मिनिटं वजनानं कापायची: तांब्याच्या तारेचं कडं करून वाटीच्या तळाशी, भोक मोकळं सोडून, ठेवायचं. 60 ग्रॅमच्या वाटीत 10-12 ग्रॅम पुरतं. तार कापून कमी करता येते, मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. (हातोडीनं ठोकून करतात म्हणे. आमच्या हातून वाटीच वाकडी झाली.)

दोन गोष्टींनी मला रडवलंय. भोकाच्या कडेला राहिलेली बर, म्हणजे ड्रिलनं उठलेली धातूची धार, बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही बाजूंनी घासून काढा. एका वर्षी ती प्रदर्शनाच्या सकाळी सुटून पडली आणि 24 ची वाटी 21 वर आली, पाहुणे दारात असताना. आणि वाटी तेलकट नको. धातूला तेलाचा हात लागलेला असला तर एवढ्या लहान भोकातून पाणी आत शिरतच नाही, वाटी मजेत तरंगत राहते आणि मुलं भोक मोठं करायला धावतात. थांबवा त्यांना! साबणानं धुवा, साबण पूर्ण काढा, भोक ओल्या बोटानं भिजवा, मग सोडा.

मोजणी

किमान दहा वेळा, सकाळी आणि दुपारी. गार पाणी जास्त चिकट असतं, त्यामुळे थंड सकाळी वाटी सावकाश भरते. हा फरक दिसला की मुलांचे डोळे चमकतात. फरक सेकंदांत नाही, पळांत लिहून घ्या. एक पळ 24 सेकंदांचं, पटकन सवय होते. वाटी एका बाजूला कलत असेल तर कडं नीट बसलेलं नाही.

सादरीकरण

पोस्टर करू नका. शाळेचा एक पूर्ण दिवस घटिकापात्रावर चालवा. दोन मुलं पाळीनं बसतील: वाटी बुडाली की काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची आणि तासावर, म्हणजे काशाच्या थाळीवर, टोला द्यायचा. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या घड्याळींचं, म्हणजे नेमकं हेच काम करणाऱ्या माणसांचं वर्णन केलंय. घटकांच्या टोल्यांनंतर थोडं थांबून प्रहराचेही टोले द्यावेत, असा हुकूम त्यानं काढला, कारण रात्री जाग आलेल्याला नुसत्या घटकांवरून कितवा प्रहर ते कळत नसे. दुपारपर्यंत तुमच्या मुलांनाही हीच अडचण येईल. वाटी उचलून परत सोडण्यात जाणारे सेकंदही लिहायला सांगा. प्रत्येक वेळी पाच सेकंद गेले तर साठ घटकांत पाच मिनिटं होतात, आणि ती कुणाच्या हिशेबात धरायची यावर दोन्ही गट भांडतील. भांडू द्या, प्रकल्पवहीतलं सगळ्यात चांगलं पान तेच निघतं.

संपल्यावर वाटी कोरडी करून ठेवा. पाण्यातला क्षार भोकाच्या कडेला धरतो, म्हणून पुढच्या वर्षी काढाल तेव्हा आधी व्हिनेगर लावून लगेच धुवा आणि पहिली घटका नव्यानं मोजा.