डेंग्यूचा रिपोर्ट कसा वाचावा?

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लॅबचे रिपोर्ट फिरू लागतात. ‘आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, ॲडमिट करू का?’ यावर उलटा प्रश्न एकच : ताप कधी आला?

म्हणून आधी बोटं मोजा. ताप आला तो पहिला दिवस. रक्त कितव्या दिवशी दिलं, ते रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवा.

मग एनएस१ची ओळ. ही अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन) नव्हे, विषाणूचंच प्रथिन आहे. पहिल्या ४-५ दिवसांत ते रक्तात चांगलं सापडतं, पुढे कमी होतं. सातव्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं धरू नका.

पुढे आयजीएम. नवा विषाणू ओळखून बी पेशींना (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) कामाला लागायला वेळ लागतो, त्यामुळे ही अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसापासून दिसते. दुसऱ्या दिवशीच घाईने केलेली आयजीएम म्हणजे बहुतेक वेळा पैसे पाण्यात. शिवाय ती २-३ महिने रक्तात रेंगाळते, म्हणजे पॉझिटिव्ह मागच्या तापाचीही असू शकते.

खरा घोळ आयजीजी या दुसऱ्या अँटिबॉडीचा. ती वर्षानुवर्षं टिकते. एकटी तीच पॉझिटिव्ह असेल तर बहुधा डेंग्यू पूर्वी कधीतरी होऊन गेलाय, कदाचित साधा ताप समजून अंगावर काढलेला. मात्र पहिल्या आठवड्यातच एनएस१ किंवा आयजीएमसोबत आयजीजीही आली, तर हा दुसरा डेंग्यू असण्याची शक्यता मोठी. विषाणूचे ४ प्रकार आहेत. एका प्रकारावरच्या जुन्या अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट त्याला पेशीत शिरायला वाट करून देतात. घरचेच फितूर! दुसरा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका म्हणूनच जास्त. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

चाचणी कार्डावर झाली असेल तर ‘सी’ची (कंट्रोलची, म्हणजे चाचणी नीट चालल्याची) रेघ उमटलीय ना, बघा. नसेल तर चाचणीच बाद. खात्रीसाठी लॅबमधली एलायझा चाचणी करून घ्यावी.

तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावरचे १-२ दिवस डोळ्यांत तेल घालून काढा. पोटात जोराचं दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांपैकी काहीही दिसलं, तर रिपोर्ट काय म्हणतो ते न बघता हॉस्पिटल गाठा.