आयरिस घेताय? फुलाचा फोटो बाजूला ठेवा, आधी गड्डा बघा

पावसाने उघडीप दिली, नवरात्र जवळ आलं की ऑनलाइन विक्रेत्यांकडे आयरिसचे कंद दिसू लागतात. फोटोत झालरीचं जांभळं फूल आणि खाली ‘मिक्स दहा रंग’. नर्सरीवाल्यांचे आणि हौशी बागायतदारांचे पैसे नेमके इथेच बुडतात. आयरिसच्या सुमारे 300 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक थंड, समशीतोष्ण प्रदेशातल्या. शिवाय आपल्याकडे आयरिस म्हणून विकली जाणारी काही झाडं मुळात आयरिस नसतातच. गंमत म्हणजे आपल्या हवेला तीच जास्त मानवतात.

रोप हातात आलं की पानं बघा. लांब, चपटी, टोकदार पानं बुडाशी एकमेकांत खोचलेली आणि सगळा झुपका एकाच पातळीत पसरलेला असेल, तर ते आयरिसच्या कुळातलं असण्याची शक्यता मोठी. फूल असेल तर पुंकेसर मोजा. या कुळात तीन असतात; लिलीत, निशिगंधात सहा. ग्लॅडिओलसमध्येही तीनच, कारण तेही याच कुळातलं. ओलसर जागेतल्या रोपाबद्दल शंका आली तर पान चुरगाळून हुंगा. वेखंडाची पानंही अशीच दिसतात, पण त्याचा वास कुणालाही कळतो. आयरिसच्या पानाला तसा वास नसतो.

खरा निवाडा मात्र जमिनीखालच्या भागावरून होतो. पैसे देण्याआधी माती झटकून बघायची लाज बाळगू नका.

कांद्यासारखा पापुद्र्याचा लहान कंद असेल तर तो डच आयरिस. निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगाचं, फुलदाणीत दिसतं ते हेच. मैदानी भागात ते एका हंगामाचंच पीक धरा, पुढच्या वर्षी तोच कंद फुलेल ही आशा ठेवू नका. आत्ता लावायची घाई नको. कंद थंडावा दिलेले नसतील तर साधारण सहा आठवडे फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि रात्री गार पडू लागल्या की नोव्हेंबरमध्ये 10 सेंमी खोल लावा. कळीच्या टोकाला रंग दिसताच दांडी कापायची. नाशिक-पुण्याकडे थंडी बरी पडली तर कुंडीत हौस भागते. बाजारासाठी फूल काढायचं असेल तर ग्लॅडिओलसच लावा.

आल्यासारखा जाड, पेरांचा गड्डा आणि पानांवर राखाडी झाक असेल तर ती दाढीवाली आयरिस. तिच्या खाली झुकलेल्या तीन पाकळ्यांवर केसांची पट्टी असते, म्हणून हे नाव. फोटोतलं झालरीचं फूल हिचंच. काश्मीरमध्ये कबरस्तानांतून पांढरी आणि जांभळी आयरिस वसंतात फुललेली दिसते, तीही याच गटातली. तिथून गड्डा उचलून आणायचा मोह अनेकांना होतो. इथे पानं येतील, फूल येण्याची खात्री नाही, कारण कळी धरायला तिला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. महाबळेश्वरला गारवा आहे, पण 5,000 मिलिमीटरवर पडणाऱ्या पावसात गड्डा सडून जातो. तरी लावायचीच असेल तर उंच वाफ्यावर, मुरूम मिसळून, गड्ड्याची पाठ उन्हात उघडी ठेवून लावा. मातीत पुरला की संपला. ‘दहा रंगांचं बी’ तर घेऊच नका. दाढीवाल्या आयरिसचं बी आईच्या रंगावर जात नाही आणि फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. याच गड्ड्यापासून ऑरिस हा अत्तरात वापरला जाणारा सुगंधी पदार्थ निघतो खरा, पण तो वर्षानुवर्षं वाळवावा लागतो. त्याच्या करारशेतीचं गाजर कुणी दाखवलं तर आधी खरेदीदार कोण ते विचारा.

आता आपल्या कामाची झाडं. बेलमकँडा ओळखायला सगळ्यांत सोपी: केशरी फूल, त्यावर लाल ठिपके, सहाही पाकळ्या जवळपास सारख्या. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला आयरिसमध्येच घातलं, त्यामुळे ‘आयरिस डोमेस्टिका’ ही पाटी दिसली तर फसवणूक समजू नका. फूल एका दिवसाचं; संध्याकाळी ते पिळलेल्या वातीसारखं आवळतं. पण दांडीवर कळ्या भरपूर असल्याने फुलोरा बराच काळ चालतो. आत्ता तिच्या बोंडांचे दिवस आहेत. बोंड उकलून टरफलं मागे वळतात आणि चकचकीत काळं बी दांडीवर तसंच चिकटून राहतं. लहान मुलं फळ समजून तोंडात घालतील, तेव्हा घराजवळ लक्ष ठेवा. निम्म्या दांड्या बियांसकट कापून सावलीत उलट्या टांगा. सुक्या फुलांच्या गुच्छात त्या खपतात. उरलेलं बी रात्रभर भिजवून सेंटीमीटरभर खोल पेरा. उगवण सावकाश आणि मागेपुढे होते, महिनाभर तरी ट्रे उलटवू नका. बहुतेक रोपं दुसऱ्या वर्षी फुलतात.

दुसरी डायटीस, मूळची आफ्रिकेची. पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळा डाग आणि मधे निळसर-जांभळी झाक असेल तर डायटीस इरिडिऑइडिस. फिकट पिवळ्यावर काळपट तपकिरी डाग असेल तर डायटीस बायकलर. हा फरक छाटणीसाठी लक्षात ठेवा. पहिलीच्या जुन्या दांड्यांवर पुन्हा फुलं येतात, त्या छाटू नका. बायकलरच्या वाळल्या की कापा. दोन्ही उन्हात आणि कमी पाण्यावर तग धरतात. बागकामाच्या कंत्राटदारांसाठी पिशव्या भरायच्या असतील तर यांच्यावर भर द्या. ठोंब फोडायला खरा काळ जूनचा, पण पाण्याची सोय असेल तर आत्ताही चालेल. प्रत्येक तुकड्याला पाच-सहा पानं ठेवा, पानं 15 सेंमीवर छाटा, ऑक्टोबर हीट संपेपर्यंत सावलीच्या जाळीखाली ठेवा. फोडलेली डायटीस रुसते, हंगामभर जागची हलत नाही. तिला युरिया टाकून उठवायच्या भानगडीत पडू नका. जमिनीत 45 सेंमी अंतर पुरे. काळी माती असेल तर उंच गादीवाफा हवाच.

कोकणात नारळ-सुपारीखाली निओमॅरिका लावा. ब्राझीलची ही बाई सावलीत खूश असते. तिच्या फुलाच्या दांडीच्या टोकाला बाळरोप येतं, दांडी वाकून जमिनीला टेकली की ते मूळ धरतं. त्याखाली भरलेली पिशवी सरकवून ठेवा, रोप फुकट.

तळ्याकाठी लुइझियाना आयरिस बरी. तिला आम्लधर्मी ओल आवडते, चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात. पिवळ्या फुलाची आयरिस स्यूडाकोरस मात्र शेततळ्यात किंवा ओढ्याकाठी लावू नका. तिचं बी पाण्यावर तरंगत दूर जातं आणि अनेक देशांत ती तण होऊन बसली आहे.

कुठलाही गड्डा घेताना अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागला किंवा घाण वास आला तर जिवाणूची सड आहे, परत करा. घरच्या झाडात सड दिसली तर निरोगी भागापर्यंत कापा, कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 3 ग्रॅम या द्रावणात 15-20 मिनिटं बुडवा आणि दोन दिवस सावलीत सुकवून मग लावा. कोयता प्रत्येक कापणीनंतर पुसा. हातमोजे घाला, रसाने कातडीला खाज सुटते. छाटलेली पानं आणि गड्डे गोठ्याकडे किंवा शेळ्यांपुढे टाकू नका. आयरिसचा गड्डा जनावरांना विषारी असतो, तो पुरून टाका.