गाडीवरचं छापील व्हिनाइल बॉनेटवर आधी का विटतं?

जुनं ग्राफिक (व्हिनाइल या चिकट प्लास्टिक फिल्मवर छापलेलं चित्र) असलेली गाडी नीट बघा. दारांवरचे रंग बरे असतात, बॉनेटवरचा लाल मात्र गुलाबी पडलेला. आडव्या पत्र्यावर ऊन दिवसभर थेट पडतं ना! अतिनील (यूव्ही) किरण शाईतले रंगकण मोडतात; बहुधा पिवळा आणि मजेंटा (गडद गुलाबी) आधी उडतात, म्हणून जुनी चित्रं निळसर दिसतात. उष्णतेने व्हिनाइल मऊ ठेवणारं प्लास्टिसायझरही हळूहळू निघून जातं. मग कडा आक्रसतात, नख लावलं तरी पापुद्रे सुटतात.

छापून घेताना कास्ट फिल्म (द्रव ओतून बनवलेलं व्हिनाइल) आणि यूव्हीरोधक लॅमिनेशन, म्हणजे वरून पारदर्शक थर, मागा. कॅलेंडर्ड फिल्म (रोलरमधून लाटलेलं व्हिनाइल) स्वस्त, पण लवकर आक्रसते. सॉल्व्हंट शाई (द्रावक उडून वाळणारी) लॅमिनेशनआधी किमान 24 तास वाळू द्या. बॉनेटवर मोठं चित्र मी तरी लावणार नाही.