जिवाणूच्या बुरशीनाशकाची रचना शोधताना या चुका टाळा

बॅसिलस या जिवाणूच्या अर्काने पेट्री डिशमधली बुरशी रोखली की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. पण बुरशी रोखणारा रेणू आणि स्पेक्ट्रममध्ये ठळक दिसणारा रेणू एकच आहे, हे अजून कुठे ठरलंय? अर्काचं प्रत्येक फ्रॅक्शन, म्हणजे वेगळा केलेला भाग, पुन्हा बुरशीवर तपासा. जिवाणू न टाकलेल्या मीडियमचा (वाढीच्या द्रावणाचा) अर्कही तसाच काढून ब्लँक म्हणून, तुलनेसाठी चालवा. मीडियममधल्या पेप्टोनमधली डायकीटोपिपेराझिन्स (दोन अमिनो आम्लांची छोटी कडी) जिवाणूच्या नावावर सहज खपून जातात. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंची वस्तुमानं दाखवणाऱ्या आलेखात, ३९१ चं पीक (उंचवटा) दिसलं तर आधी प्लास्टिकच्या नळ्यांवर संशय घ्या, त्यांतून झिरपलेलं रसायन असू शकतं.

खरी गंमत याच मास स्पेक्ट्रममध्ये. १०४३.५, १०६५.५ आणि १०८१.५ ही तीन संयुगं नव्हेत. एकाच इटुरिन ए ला (बॅसिलसचं बुरशीनाशक, मेदाम्ल जोडलेलं कड्याच्या आकाराचं पेप्टाइड) चिकटलेले अनुक्रमे प्रोटॉन, सोडियम आणि पोटॅशियम. शेवटच्या दोघांत १६ चा फरक पाहून ‘एक ऑक्सिजन जास्त’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. हाय रिझोल्यूशनवर बघा: ऑक्सिजन असेल तर १५.९९५, सोडियम-पोटॅशियमचा फरक १५.९७४. १४ चा फरक मात्र बहुतेकदा खरं भावंड असतं, मेदाम्लाची साखळी एका कार्बनने लांब. त्यातच सर्फॅक्टिन या बॅसिलसच्याच दुसऱ्या रेणूचं सोडियमवालं पीक १०४४.७ ला येतं, नेमकं इटुरिनच्या कार्बन-१३ पिकाला (एक कार्बन जड असलेल्या रेणूंच्या पिकाला) खेटून. साध्या यंत्रावर दोन्ही एकच वाटतात.

निनहायड्रिनने (मोकळ्या अमिनो गटाशी रंग देणारं रसायन) रंग आला नाही म्हणून पेप्टाइड नाही, असंही समजू नका. इटुरिनच्या बंद कड्यात मोकळा अमिनो गट नसतोच.

अमिनो आम्लं मोजायला नमुना ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात, तेव्हा ॲस्परजिनचं ॲस्पार्टिक आम्ल होतं आणि ग्लुटामिनचं ग्लुटामिक. इटुरिन ए मध्ये ॲस्परजिन तीन, ग्लुटामिन एक. विश्लेषणातली नावं तशीच मांडली तर कागदावरचा रेणू मोजलेल्यापेक्षा सुमारे ४ डाल्टनने (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) जड भरतो. हिशेब जुळत नसेल तर पहिल्यांदा इथे शोधा. ट्रिप्टोफॅन तर या आम्लात नष्टच होतं. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान सारखं, तिथे नुसत्या वस्तुमानावर भागत नाही, एनएमआरसारखी (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल टिपणारी) दुसरी पद्धत लागते.

एनएमआरमध्ये अमाइडचे सिग्नल गायब? ड्युटेरेटेड मिथेनॉल (हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असलेलं) वापरलं असेल. त्यात एनएच वरचा हायड्रोजन ड्युटेरियमशी अदलाबदल करतो. नमुना सुकवून डीएमएसओ-डी६ या ड्युटेरियमवाल्या द्रावकात घ्या, तो अशी अदलाबदल करत नाही.