जुना संगणक रोजच्या कामात टिकवताना

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लावतो, ब्राउझरमध्ये चौथा टॅब उघडला की थिजतो आणि त्याचा पंखा दिवसभर घुमत राहतो. एवढ्यावरून तो मोडीत काढण्याचा निर्णय अनेक जण घेतात. प्रत्यक्षात पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते भरणे, ईमेल पाहणे, बँकेचे व्यवहार करणे या कामांना लागणारी प्रोसेसरची ताकद त्या काळातल्या साध्या यंत्रांतही होती आणि आजही ती पुरते. वाढली आहे ती मेमरीची, म्हणजे रॅमची, भूक, आणि तीही मुख्यतः ब्राउझरची. त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या यंत्रातला कोणता भाग बाकीच्या भागांना ताटकळत ठेवतो आहे?

विंडोजवर याचे उत्तर शोधण्यासाठी वेगळे साधन लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स हे पान, संगणक नेहमीच्या कामात अडखळत असतानाच, दोन-तीन मिनिटे पाहत बसावे. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर निवांत असेल, तर प्रोसेसरचा काहीही दोष नाही. मात्र येथे एक चकवा आहे. मेमरी भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवरील पेज फाइलमध्ये हलवते आणि लागेल तसा परत आणते, त्यामुळे रॅमची टंचाई डिस्कच्या गर्दीच्या रूपात दिसू शकते. म्हणून डिस्कबरोबर मेमरीचा आकडाही वाचावा. तो नव्वदीच्या आसपास रेंगाळत असेल, तर दुखणे दोन्हीकडे आहे. काहीही चालू नसताना प्रोसेसरच धावत असेल, तर टास्क मॅनेजरमधल्याच प्रोसेसेस या पानावरील यादीत त्याचे कारण सापडते. पुष्कळदा ते एखादे न वापरलेले ब्राउझर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किंवा एकाच वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस असतात.

खर्चाआधीची कामे

पहिले काम बॅकअपचे. जुन्या यंत्राला हात लावण्याआधी सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि त्यांतल्या चार-दोन उघडूनही पाहाव्यात, कारण न उघडलेला बॅकअप हा केवळ समज असतो. त्याच वेळी हार्ड डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, तपासावी. ती दाखवणारी मोफत साधने विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणालींसाठी मिळतात. रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या बाद झालेल्या आणि संशयित जागा) या दोन ओळींतील आकडे शून्य असणे चांगले. ते आठवड्या-आठवड्याने वाढत असतील तर ती डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे असे समजावे.

दुसरे काम धूळ काढण्याचे. उष्णता वाढली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो, आणि बाहेरून हे केवळ "संगणक मंद झाला" असे दिसते. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये बसलेला धुळीचा थर मऊ ब्रशने आणि दाबाच्या हवेने काढावा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर तो प्रमाणाबाहेर गरगरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. प्रोसेसर व हीटसिंक यांमधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल, तर ती पूर्ण पुसून मुगाच्या दाण्याएवढा नवा ठिपका मधोमध ठेवणे पुरेसे असते. सढळ हाताने थापलेली पेस्ट कडेने बाहेर येते आणि उपयोग काहीच होत नाही.

तिसरी गोष्ट अगदी किरकोळ असून माझी एक दुपार खाऊन गेलेली आहे. एका डेस्कटॉपवर जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ "जोडणी सुरक्षित नाही" असा इशारा देत होते. मी ब्राउझर काढून पुन्हा टाकला, अँटिव्हायरस बंद करून पाहिला, राउटरही बदलला, आणि शेवटी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेले तेव्हा तेथे २००९ साल चालू होते. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना आरंभ आणि अखेरीची तारीख असते. संगणकाचे साल त्या मुदतीबाहेर गेले की ब्राउझर ती प्रमाणपत्रे नाकारतो. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट पाटीवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला होता. तो बदलला, तारीख लावली, काम संपले. जुना संगणक हाती आला की मी आता आधी घड्याळ पाहतो.

एसएसडी

एकच सुधारणा परवडणार असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवावी. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि ते टोक योग्य पट्ट्यावर सरकण्याचा वेळ त्यात वेगळा मिळवावा लागतो. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली डिस्कच्या निरनिराळ्या ठिकाणांहून उचलल्या जातात आणि प्रत्येक वेळी ही थांबणूक होते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात उरकते. जुन्या मदरबोर्डवरचे साटा-२ पोर्ट (डिस्क जोडण्याची जुन्या वेगाची जागा) नव्या एसएसडीचा निम्माच वेग वापरू शकते, हे खरे असले तरी त्यावरून बेत सोडू नये; फरक जाणवतो तो थांबणूक गेल्यामुळे, आणि ती जुन्या पोर्टवरही जातेच.

जुन्या यंत्रासाठी अडीच इंची साटा एसएसडी निवडावी. एनव्हीएमई या साटापेक्षा नव्या जोडणीची डिस्क अधिक वेगवान असली, तरी जुने बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अनेकदा तिच्यावरून बूट करू शकत नाहीत. लॅपटॉपमधील जुन्या डिस्कची जाडी पुष्कळदा ९.५ मिलिमीटर असते आणि एसएसडी ७ मिलिमीटरची, त्यामुळे ती आपल्या जागेत सैल बसते. सोबत येणारी प्लास्टिकची चौकट चिकटवली की हा प्रश्न मिटतो. डेस्कटॉपमध्ये योग्य मापाचा कप्पा नसला तरी बिघडत नाही. हलणारे भाग नसल्याने एसएसडी दुहेरी चिकटपट्टीने पेटीच्या आतल्या बाजूला लावली तरी चालते.

प्रत्यक्ष बदलताना चार्जर काढावा, निघत असेल तर बॅटरी काढावी, नसल्यास आतील बॅटरीची वायर सोडवावी, आणि मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपच्या तळाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला, तर जोडताना लांब स्क्रू आखूड भोकात जाऊन वरच्या बाजूने फुगवटा येण्याची नामुष्की टळते. नवी प्रणाली टाकायची असेल, तर त्याआधी बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय (डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) आहे की नाही ते पाहावे. पूर्वीच असलेले विंडोज तसेच उचलून नव्या डिस्कवर न्यायचे असेल, तर मात्र ही पद्धत तडकाफडकी बदलू नये; त्यामुळे विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते.

रॅम

डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांच्या पट्ट्यांवरील खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसत नाही आणि ती जोर लावून बसवण्याचा प्रयत्नही करू नये. डीडीआर३ मध्ये आणखी एक भेद आहे: साधी पट्टी १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. एलची पट्टी साध्या जागी सहसा चालून जाते, केवळ १.३५ व्होल्ट देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी पट्टी मात्र चालत नाही. काही स्वस्त डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या मदरबोर्डवर चालतात, आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते किंवा लिहिलेलेच नसते. मदरबोर्ड किती रॅम पेलतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावे. आठ जीबीच्या एका पट्टीपेक्षा चार जीबीच्या दोन पट्ट्या सहसा बऱ्या, कारण दोन मार्ग एकदम वापरले जातात. ज्या यंत्रांत ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरमध्येच असतो त्यांना याचा विशेष लाभ होतो. ३२ बिटांचे विंडोज साधारणतः चार जीबीच्या पुढील रॅम वापरूच शकत नाही, तेव्हा रॅम वाढवण्यापूर्वी प्रणाली ६४ बिटांची करावी लागते. रोजच्या कामासाठी आज आठ जीबी समाधानकारक आहे. चार जीबीत निभावते, पण टॅब मोजून उघडावे लागतात.

कार्यप्रणाली

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करून काही काळ वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे, परंतु तो मुक्काम नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. या अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. स्वतःच्या प्रयोगाच्या यंत्रावर त्या अवश्य कराव्यात. मात्र अशा यंत्रांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आई-वडिलांच्या बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात तेथे ही जोखीम मी घेणार नाही.

अशा यंत्रासाठी माझी पसंती लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला आहे. तिला किमान दोन जीबी रॅम चालते, चार असल्यास ती सुखाने चालते, आणि २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिची फाइल उतरवून रुफससारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी, संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करावा आणि लगेच स्थापना न करता तासभर तसाच वापरावा. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का आणि प्रिंटर कागद छापतो का, हे सारे येथेच कळते. मराठी लिहिणाऱ्यांसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कळफलक आत असतोच, फक्त तो सेटिंगमध्ये जोडून घ्यावा लागतो. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये वर्डच्या फाइली उघडतात, परंतु गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी हलते. डिजिटल सहीचे टोकन किंवा केवळ विंडोजवर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर लागत असेल, तर त्याची खात्री केल्याखेरीज जुने विंडोज पुसू नये.

प्रोसेसरच ३२ बिटांचा असेल तर वाट अरुंद आहे. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी स्थापनेची सोय बंद केली. अशा संगणकाला इंटरनेटपासून दूर ठेवून लेखन, संगीत किंवा जुन्या स्कॅनरचे काम द्यावे.

ब्राउझर

एसएसडी आणि रॅम घालूनही जे अडखळणे उरते ते येथे असते. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बसवल्यास जाहिरातींबरोबर त्यांच्यामागे धावणाऱ्या स्क्रिप्टही थांबतात. चार जीबीच्या यंत्रावर याचा फरक लगेच कळतो. व्हिडिओ तुटक दिसत असेल, तर इंटरनेटला दोष देण्याआधी त्याचा दर्जा ७२० वर आणून पाहावा. अनेक व्हिडिओ आता व्हीपी९ आणि एव्ही१ या व्हिडिओ आवळण्याच्या नव्या पद्धतींत येतात, त्या उलगडणारी सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच२६४ ही जुनी पद्धतच मागणारे एक्स्टेन्शन बसवले, तर पंख्याचा आवाजही उतरतो.

हात कुठे आखडावा

मदरबोर्डवरील कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या लहान डब्यांसारख्या भागांची) डोकी फुगलेली दिसली, किंवा संगणक अधूनमधून आपोआप बंद पडू लागला आणि पॉवर सप्लाय बदलूनही ते थांबले नाही, तर त्यावर नवी रॅम घेण्यात अर्थ नाही. एसएसडी तेवढी काढून ठेवावी, ती पुढच्या यंत्रात कामाला येते. जुना प्रोसेसर काढून त्याच सॉकेटमधील वरच्या श्रेणीचा बसवण्याचा मोह होतो, पण रोजच्या कामांत त्याचा फरक क्वचितच जाणवतो. काढलेली हार्ड डिस्क स्मार्ट तपासणीत निर्दोष निघाली असेल, तर यूएसबीच्या कव्हरमध्ये घालून बॅकअपसाठी ठेवावी.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा झाला, किंवा तळ सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. तशी बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि चार्जही करू नये. यंत्र बंद करून ती काळजीपूर्वक बाहेर काढावी किंवा जाणकाराकडून काढून घ्यावी आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडे वेगळी द्यावी. पुष्कळ लॅपटॉप बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर चालतात, आणि एका जागी ठेवलेल्या जुन्या यंत्राला नवी बॅटरी घेण्यापूर्वी तसे चालवून पाहायला हरकत नाही.